सावरीच्या कापसाची उशी

२३ फेब्रुवारी १९८७, सोमवार
रोजनिशी आजपासून, तेव्हा सगळं नीट मांडून ठेवतो. मोठी बहीण सुलूताय, धारगळला दिलेली. डाव्या बाजूला कॅन्सर. ऑपरेशन झालं. आता दर तिसऱ्या रविवारी इंजेक्शनासाठी मुंबईची बस, अशा सहा फेऱ्या. काल पहिली झाली. बायको यशोदा तिला बसवून देऊन आली. सांगत होती, बसने गचका दिला की ताईच्या काखेतल्या टाक्यांना लागतं, हाताखाली धरायला मऊ काहीतरी हवं.
ऐकून घेतलं. मग पाववाला पोदेर आला, त्याच्याकडून उंडे घेतले. काही वाटलं नाही. मी मुळात खंबीर आहे.

२४ फेब्रुवारी
ठरलं. उशी मी करणार. सावरीचा कापूस, मलमलीची खोळ, टाके माझ्या हातचे. यशोदा म्हणाली, घरात जुना कापूस आहे, दुपारपर्यंत शिवून देते. बायकांना घाई फार. लहानपणी मला तायच्या डाव्या हातावर डोकं ठेवल्याशिवाय झोप यायची नाही, असं ताय सांगते. मला आठवत नाही. पण त्या हाताला घरातला जुना कापूस नको.
सावरीला सध्या फुलं आहेत. बोंडं एप्रिलमध्ये. तोवर धारगळला जाणं बरं नाही. रिकाम्या हातांनी कसं जायचं?

४ मार्च
खाणीच्या ऑफिसात अजून कोंकणी-मराठीचं भांडण चालू. मी टाइमकीपर, दोन्हीकडच्यांना समजावतो. आठवडा त्यात गेला. उशीचं ड्रॉइंग मात्र काढलं. फर्स्ट क्लास.

१४ मार्च, शनिवार
उद्या दुसरी फेरी. यशोदा पिशवी घेऊन धारगळला गेली. मलाही चला म्हणाली. गेलो असतो, पण निळ्या चौकड्यांचा सदरा सापडेना. जुना आहे, पण प्रवासाला तोच बरा पडतो. या घरात एक वस्तू जागेवर राहत नाही.

१६ मार्च
तायचे केस गेले. डोक्याला फडका बांधते म्हणे. बरं म्हटलं. घड्याळाला चावी दिली.

५ एप्रिल, रविवार
तिसरी फेरी. आज हयगय केली नाही, लाटंबार्शाला गेलो. एकाच्या काजूच्या बागेत सावरीचं थोरलं झाड आहे. मान वर करून तासभर बोंडं हेरली. हिरवी होती, तरी पिशवीभर उतरवून घेतली. बागवाल्याने आग्रह करून पहिल्या धारेचा हुर्राक पाजला. माणसाचं मन मोडता येत नाही.
घरी आल्यावर लक्षात आलं, पिशवी तिथेच राहिली.

१२ एप्रिल
पिशवी आणली. बोंडं माळ्यावर वाळत ठेवली. काम मार्गी लागलं.

२५ एप्रिल, शनिवार
माळ्यावर बोंडं फुटली. घरभर कापूस. देवांवर कापूस, माशाच्या हुमणात कापूस. यशोदा ताटातून काढून जेवली. दिवसभर गोळा केला. पोतं भरेल असं वाटलं होतं. दाबल्यावर जेमतेम एक पिशवी.
उद्या चौथी फेरी. बसवरच्या बाबली कंडक्टरकडे धारगळला निरोप दिला: सगुणची मान धरली आहे, सुटली की येईल. हे खोटं नाही. सावरीकडे बघून मान अवघडली होतीच. तीन आठवड्यांपूर्वी.

१७ मे, रविवार
पाचवी फेरी. मलमल आणली. तीन बाजू शिवल्या. चांगली खोळ झाली, फक्त माझ्या लेंग्याला शिवली गेली. उसवली.
यशोदा धारगळहून आली. ताय वाळली, म्हणाली. अन्न जात नाही, माझी चौकशी करत होती. मी विचारलं, मानेबद्दल काही म्हणाली का? यशोदा आत गेली.

३० मे, शनिवार
गोवा घटक राज्य झालं. ऑफिसात पेढे. उशी अजून केंद्रशासित. संध्याकाळी बसणार होतो, पण अशा दिवशी सुई-दोरा बरा दिसत नाही.

६ जून, शनिवार
चारही बाजू शिवल्या. कापूस भरला. आत बिया राहिल्या, त्या काढायला वेळ नव्हता. हाताला जरा खड्यांसारख्या लागतात, पण माणसाला सवय होते. उद्या शेवटची फेरी. सकाळी स्वतः घेऊन जाणार.

७ जून, रविवार
उंदरांनी बियांसाठी दोन कोपरे फोडले. अर्धा कापूस पलंगाखाली.
मुंबईची बस दुपारी चारला धारगळवरून जाते. मी ऑफिसात जाऊन बसलो होतो. ऑफिस बंद असतं रविवारी. पायरीवर बसलो. चार वाजले. सव्वाचार वाजले. काही वाटलं नाही.

१४ जून, रविवार
अकरा वाजता बाबलीने बस दारात थांबवली. सुलूताय उतरली. मी फुटकी उशी घाईने पलंगाखाली सारली. ताय जनेलाजवळ वाऱ्याला बसली. मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो.
"मान कशी आसा रे तुझी?" तिने विचारलं. "तू येवक नाय, म्हणान मीच इलंय."
बरी आहे म्हटलं. तिने पिशवीतून एक लहान उशी काढून माझ्या मांडीवर ठेवली. निळ्या चौकड्यांची. माझा सदरा. खिसासुद्धा तसाच.
"दुसऱ्या फेरीपासून हीच काखेत धरून गेलंय. यशोदा म्हणाली, सगुणान आपल्या हातान शिवली. तिकीट खिशात ठेवी. आता माका नको. तुझ्या मानेक घे."
रांधपघरात भांड्यांचा आवाज थांबला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. म्हटलं, कापूस जरा कमी पडला.
ताय म्हणाली, नाही रे, बरोबर होता.
ती परतीच्या बसने गेली. खिशात बोट घातलं, तिकीट होतं, चुरगळलेलं. टाके बारीक, सरळ, एकसारखे. मार्चपासून दोघींना उशीचं माहीत होतं, तायला खोटं आणि यशोदेला खरं, आणि मी सावरीच्या झाडाखाली उभा. मला रडू आलं. फार नाही. यशोदेने बघितलं नसावं.
उद्या पहिल्या बसने धारगळ.

१५ जून, सोमवार
पहिली बस चुकली. दुसरीने गेलो. रिकाम्या हातांनी. ताय झोपली होती, डोक्यावर फडका नव्हता. बघितलं. उठवलं नाही, तिथेच बसून राहिलो.