दुकानावर न गेल्याबद्दल

आण्णा,

नानांना मी नाही म्हणून सांगितलं. तुमच्यामागं कोईमतूरचं दुकान तुमच्या या धाकट्या भावानंच सांभाळलं, आणि दर दिवाळीला विट्याला आले की ते मला एकच विचारायचे, "कवा येतोस दुकानावर?" या वेळी त्यांनी विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. भट्टीचा उजेड आता त्यांच्या डोळ्यांना सोसत नाही. ते परत जातील तेव्हा मी बरोबर यायचं, नाहीतर ते दुकान कुणाला तरी देऊन टाकणार. आपल्या गल्लीत घरटी एक माणूस सोनं गाळायला कुठल्या ना कुठल्या शहरात बसलेला आहे. असं असताना माझ्यासारखा धडधाकट मुलगा गावात राहून लोकांचे कॉम्प्युटर जोडत फिरत होता, याचं सगळ्यांना नवल वाटायचं. कधीकधी मलाही वाटायचं. पण दुकान तुम्ही उभं केलंत, तेव्हा ते नको म्हटल्याचं तुम्हाला मीच सांगायला हवं.

नववीच्या आधीच्या सुट्टीत तुम्ही मला तिकडं नेलंत ते दिवस मला नीट आठवतात. सराफांच्या बोळातलं ते अरुंद दुकान, दारातून आत येणारा सगळा उजेड गिऱ्हाईकाच्या स्टुलावर. तुम्ही भट्टीपुढं बसलेले आहात. समोर एक म्हातारे सोनार बसलेत आणि त्यांच्या बांगड्यांचे तुकडे मुशीत वितळत आहेत. तुम्ही प्रत्येक गोष्ट बोलून करता. आता मूस उचलतो, आता ओततो, आता पाण्यात सोडतो. त्यांना तमिळमध्ये सांगता, मला मराठीत. मी कंटाळून खिशात हात घातला, तर तुम्ही मुशीवरची नजर न काढता म्हणालात, "हात भाईर काढ. गिऱ्हाईकाचा जीव त्येच्या मालात आसतोय. त्येला आपलं दोनी हात दिसलं पायजेत. आन काय करतोय ते त्येनं ईचारायच्या आत आपुन सांगायचं." मला तो धंद्याचा देखावा वाटला होता.

त्याच वर्षी एक भंगारवाला कॉम्प्युटरच्या हिरव्या पाट्यांची पोती आणू लागला होता. त्या पाट्यांच्या कडेला बारीक सोनेरी पट्ट्या असतात. तुम्ही त्यांना दात म्हणायचात. पत्र्याच्या कात्रीनं दात कापायचे, ॲसिडमध्ये टाकायचे, आणि तळाला जे उरेल ते गाळायचं. मी त्या पोत्यांतून एक कार्ड बाजूला काढून ठेवलं होतं. त्याला मागं कॉम्प्युटरचे दोन पडदे जोडायची सोय होती. शाळेजवळच्या सायबर कॅफेत मी गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचो, आणि कॅफेवाला म्हणाला होता की शेजारी आणखी पडदे लावले तर खिडकीतून पाहिल्यासारखा रस्ता दिसतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. कार्ड मी कापडात गुंडाळून भट्टीमागच्या फळीवर ठेवलं. मी चहा आणायला गेलो आणि परत आलो, तर कापड रिकामं आणि तुमच्या हातात कात्री.

"ही फळीवर ऱ्हायली हुती बग एक पाटी," तुम्ही खुशीत म्हणालात. "दात लय चांगलं हुतं ह्येचं."

मी जो आरडाओरडा केला तो बोळात ऐकू गेला. नाना हसत सुटले. "दादा, पोराचं खेळणं गाळलंस की!" तुम्ही मात्र हसला नाहीत. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं होतं. "माणूस बसलंय हितं. रडायचं आसंल तर मागं जा," एवढंच म्हणालात, आणि पुढं दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला त्या कार्डाचं काहीच वाटलेलं नाही. एवढं सोनं रोज हाताळणारा माणूस, त्याला माझ्या हिरव्या पाटीचं काय.

दिवाळीला तुम्ही ट्रॅव्हल्सनं आलात. टपावरून उतरवलेलं एक गाठोडं तुम्ही कुणाला हात लावू दिलं नाहीत. अंगणात वाकळ सोडली, तर आत दोन मॉनिटर. एक मोठा, एक लहान, एक काळा, एक मळकट पांढरा. कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून तुम्ही ते अख्खे मागून घेतले होते. शेजारच्या काकू कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "आवं, दोन-दोन टीव्ही कशाला वो भावजी?" तुम्ही गंभीर तोंडानं सांगितलंत, "येक डाव्या डोळ्याला, येक उजव्या." मग माझ्याकडं वळून हळूच विचारलंत, "ह्यास्नी दात नस्त्यात न्हवं?" आण्णा, दोन्ही पडदे चालवायला लागणारं कार्ड तुम्हीच कापलं होतं. ते मी सांगितलं नाही. नुसती मान हलवून नाही म्हणालो, आणि दोन्ही मॉनिटर पुसत बसलो.

पुढच्या वर्षी तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात. दहावी मी कशीबशी पास झालो. सांगलीला डिप्लोमाला प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी गणितात अडकून सोडून दिला. लोक समजतात की तुम्ही गेलात म्हणून माझं शिक्षण सुटलं. मी त्यांना दुरुस्त करत नाही, पण तुम्हाला खरं सांगतो. वर्गात बसलो की माझी छाती धडधडायची. प्रश्न विचारला जाईल या भीतीनं मला पुढचं काही ऐकूच यायचं नाही. घरी मात्र, भंगारातले भाग आणि तसंच दुसरं कार्ड जमवून जोडलेल्या कॉम्प्युटरवर, त्या दोन मॉनिटरपुढं मी तासन्‌तास बसू शकायचो. तिथं चुकलं तर फक्त पडदा काळा व्हायचा, मला कुणी काही म्हणायचं नाही.

बंद पडलेल्या सायबर कॅफेतून तिसरा मॉनिटर आणला. तिघांची उंची जुळेना, तेव्हा लहान मॉनिटरखाली मी डिप्लोमाची पुस्तकं घातली. ती पहिल्यांदाच अगदी बरोबर उपयोगी पडली. मग बाजूचे पडदे किती वळवायचे की रस्ता तुटणार नाही, तिन्हींचा रंग सारखा कसा करायचा, कुठल्या कार्डाला किती वीज लागते, हे एकेक करून शिकत गेलो. इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. डिक्शनरी मांडीवर ठेवून परदेशातल्या अनोळखी लोकांना प्रश्न लिहायचो. शब्द चुकला तर हसतील म्हणून प्रत्येक स्पेलिंग पाहून घ्यायचो. उत्तरं मात्र यायची. हळूहळू गावात माहीत झालं. कोचीन, कानपूर, कुठं कुठं दुकानं असलेल्या घरांतली मुलं सुट्टीत गावी आली की मला बोलवायची. एका बंगल्यात तीन मोठे पडदे, खुर्ची, स्टिअरिंग, सगळं जोडून मी चालू करून दाखवलं. मुलाची आजी सोप्यात बसून पाहत होती. शेवटी तिच्यानं राहवेना. "आरं लेकरा, येवढं तीन टीव्ही, आन माझी शिरेल येकाबी टीव्हीवर लागंना व्हय?" तिची सिरियल मधल्या पडद्यावर लावून दिल्यावरच मला चहा मिळाला.

पण हे काम म्हणजे सुट्टीपुरतं. मुलं गेली की मी रिकामा. आणि आई रिकाम्या माणसाकडं ज्या नजरेनं बघते ती तुम्हाला माहीत आहे. मला कायमचं, रोज जायचं काम हवं होतं. अर्ज केले तिथं पदवीच्या रकान्यापाशी सगळं थांबायचं. माझ्या एका मित्रानं त्या रकान्यात काहीतरी ठोकून द्यायला सांगितलं, "कोण बघतंय गड्या?" मला ते जमलं नाही. यात माझा चांगुलपणा फार नाही, आण्णा. पकडले जाऊ या भीतीनं माझी झोपच उडाली असती.

मग साताऱ्याची जाहिरात दिसली. ट्रक आणि बसचे ड्रायव्हर शिकवायची यंत्रं बनवणारी कंपनी. ड्रायव्हरनं खुर्चीत बसायचं, समोर तीन पडद्यांवर घाट दिसतो, हातात खरं स्टिअरिंग. म्हणजे माझा खेळच, फक्त पोट भरणारा. नानांनी दिलेली मुदत संपत आली होती. मी अर्ज केला आणि त्यांनी बोलावलं.

एक साहेब होते आणि त्यांच्याशेजारी एक मॅडम, यंत्रविभागाच्या प्रमुख. साहेबांनी कागद चाळला. "डिग्री दिसत नाही."

"नाही सर. डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला."

"मग अर्ज कसा काय केलात?"

"जाहिरातीत 'किंवा अनुभव' असं लिहिलं होतं, सर."

साहेबांनी जाहिरात काढून पाहिली. तसं लिहिलेलं होतं. मॅडम उठल्या. "चला, जोडून दाखवा एक."

मोकळ्या खोलीत सगळे भाग पडलेले होते. आणि मग माझ्या तोंडातून जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी दोन खुर्च्या ओढून म्हणालो, "तुम्ही दोघं इकडं बसा, म्हणजे माझे हात दिसतील." साहेब हसले, पण बसले. मी कामाला लागलो आणि बोलत राहिलो. आता कार्ड बसवतो. आता डावा पडदा वळवतो. आता ही वायर मागून घेतो. बोलता बोलता छातीतली धडधड कमी झाली. मॅडम मध्येच म्हणाल्या, "तुम्ही विट्याकडचे का? घरात गलाई आहे?" मी हो म्हणालो. "तरीच. आमच्या माहेरी सोनं गाळायला दिलं की तो माणूस असाच बडबडायचा."

काम सुंदर झालं होतं. घाटातला रस्ता तिन्ही पडद्यांवरून कुठंही न तुटता जात होता, आणि मागं सगळ्या वायरी मी एका जाड जुडीत आवळून बांधल्या होत्या. एकही लोंबत नव्हती. मॅडम खुर्चीत बसल्या, स्टिअरिंग जोरात फिरवलं, आणि उजवा पडदा काळा झाला. पुन्हा उजळला. पुन्हा फिरवलं, पुन्हा काळा.

मला वाटलं, संपलं. घरचा एसटीचा रस्ता मला दिसू लागला. पण हात समोर होते आणि समोर माणसं बसलेली होती. मी बोलत राहिलो. आता उजवी वायर डाव्या पडद्याला लावतो. लावली, तर आता डावा काळा होऊ लागला. "म्हणजे पडदा चांगला आहे," मी म्हणालो. वायर बदलली, तरी तेच. "म्हणजे वायरही चांगली आहे. ती ज्या वाटेनं जाते त्या वाटेवर काहीतरी आहे. पण काय, ते मला माहीत नाही." हे वाक्य वर्गात मला कधी म्हणता आलं नव्हतं.

मॅडम मागं आल्या. कात्री घेऊन माझ्या त्या देखण्या जुडीचा एक पट्टा कापला, आणि स्टिअरिंगच्या मोटरची जाड वायर हातभर बाजूला ओढली. पुन्हा फिरवून पाहिलं. पडदा हलला नाही. "मोटर जोर लावते तेव्हा शेजारच्या वायरीला त्रास होतो. दोन्ही एकत्र बांधायच्या नाहीत," त्या म्हणाल्या. "नीटनेटकेपणा नडला तुम्हाला." मी विचारलं, किती अंतर ठेवायचं? त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. साहेब म्हणाले, "कळवतो."

दुसऱ्याच दिवशी दुपारी नानांचा फोन.

"रिझर्वेशन काढतोय. तुजं नाव घालू न्हवं?"

"नाना, मी येत न्हाई."

"लागली का नोकरी?"

"न्हाई अजून."

"मग रं?"

"मग न्हाई. लागली न्हाई तर दुसरीकडं बघीन. पण हेच काम करणार."

"आरं पर तुज्याकडं कागुद हाय का येखादा? कोण उभा करंल तुला?"

"आण्णांकडं तरी कुठला कागद होता, नाना?"

मग ते म्हणाले, "दादाचं नाव घिऊन मला गप करतोस व्हय रं," आणि फोन ठेवला. रागानं नाही. त्याचं मला जास्त लागलं.

आठवड्यानं साताऱ्याहून बोलावणं आलं. मदतनीस म्हणून, खालच्या जागेवर, आणि तेही काही महिने पाहून. कायम व्हायचं तर पदवी लागेलच, ते टळणार नाही. मी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. गणित आहेच. पुस्तकं मॉनिटरखालून काढली. आता पडदा थोडा तिरपा दिसतो. रोज यंत्रं जोडतो, मोटरची वायर लांब ठेवतो. बडबड करतो म्हणून पोरं चिडवतात, चिडवू देत. मी हे काम सोडणार नाही, आण्णा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून आईलाही न सांगितलेलं यात लिहितो. त्या दुपारी नानांनी फोन ठेवला आणि माझा धीर सुटला. मी लगेच उलटा फोन लावला, "नाना, माझं नाव घाला" हे ओठांवर तयार ठेवून. फोन बिझी होता. दुसऱ्यांदा मी लावला नाही. थोड्या वेळानं त्यांचाच आला. "काय रं? काय म्हणत हुतास?"

"काय न्हाई नाना," मी म्हणालो. "चुकून लागला."