कार्ब्युरेटरचा पाव फेरा

द्वारका, दिल्ली
डिसेंबर १९९९

आदरणीय ज्ञानोबा उस्ताद,
साष्टांग नमस्कार.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून मी खाली उतरलो, आमच्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण जुळवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. लष्कराच्या वर्कशॉपात तुम्ही शिकवलंत तसाच, कानाने ऐकून. पंधरा दिवस मी हे रोज, कुणाला न सांगता करत होतो.

माझी लेक कादंबरी मोटारींच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.टेक. करते. कार्ब्युरेटर काढून त्याजागी संगणकाने इंधन सोडायचं, हा तिचा प्रकल्प. त्याआधी ती गाडी कॉलेजात नेऊन रोज धूर मोजत होती. पोरीसाठी इंजिन नीट चालावं, एवढाच माझा हेतू.

परवा जेवताना ती रडवेली झाली. "बाबा, आकडे रोज बदलतात यार! सर म्हणाले, तुला साधं मोजता येत नाही."

रोज सकाळी स्क्रू मीच फिरवतो, हे मी कबूल केलं. तिने वही ओढली, बराच वेळ पाहिली आणि हसली.

"अच्छा! म्हणून धूर रोज कमी होत गेला. तुमचा कान बिल्कुल बरोबर आहे, बाबा. पण तो मशीनमध्ये कसा घालू?"

उस्ताद, तोच तिचा अभ्यास आहे, हे मला तेव्हा कळलं. तुमची विद्या माझी लेक पुढे नेते आहे.

हे पत्र टाकणार नाही. तुमच्या शिष्याची चोरी तुम्हाला कोणत्या तोंडाने कळवू?

पण आज कॉलेजात गेलो आणि सरांसमोर उभा राहून म्हणालो, "मोजणं चोख होतं. चूक माझी."

आपला शिष्य,
खंडेराव