छातीपर्यंतचा फोटो

४ जानेवारी

पोहोचलो एकदाचा. वडनेर भोलजीहून सकाळी निघालो, खामगावला गाडी बदलली, मेहकरला बदलली, आणि डोणगावच्या स्टँडवर उतरलो तर दुकानमालक कादरभाई स्वतः मोटरसायकल घेऊन उभे. माझी बॅग त्यांनीच टाकीवर घेतली. वाटेत सगळ्या बाजाराला सांगत आले, हा आपला नवा डिझायनर, गोकुळ, नांदुऱ्याकडचा. एवढा भाव मला घरीसुद्धा कोणी दिला नव्हता.

दुकान छोटंसं, पण झकास आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि पासपोर्ट फोटो. डिझाइन इथं करायचं, फ्लेक्स छापून मेहकरहून येतात. मागच्या बाजूला माझी खोली. खिडकीतून तुरीचं शेत दिसतं, शेंगा भरल्यात. कादरभाईंच्या घरून डबा आला, भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुसून खाल्ला.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा आहे. त्याचा डबा टेबलाखाली, एका बाजूचं झाकण काढलेलं, आत धूळ आणि कोळ्याचं जाळं. सुरू होतो तर होतो, नाही तर नाही. बिघडला की मेहकरहून मेकॅनिक बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत दुकान ठप्प, असं कादरभाई सांगत होते. मी म्हणून गेलो की आता नका बोलवू, मला कॉम्प्युटर आतून-बाहेरून येतो. मला फोटो जुळवता येतात, रंग बसवता येतात. डब्यात मी कधी हात घातलेला नाही. पण ते इतके खूश झाले की शब्द मागे घ्यायला तोंड उघडेना.

७ जानेवारी

हिवरा आश्रमाच्या उत्सवाचे स्वागताचे बॅनर सुरू आहेत. एकेका बॅनरवर तीसतीस मुंडकी, आणि प्रत्येकाला आपलं मुंडकं शेजारच्यापेक्षा मोठं हवं.

आज सकाळी कॉम्प्युटर लावला तर पंखा फिरला, पडदा काळाच राहिला आणि डब्यातून टीं-टीं-टीं असा आवाज. कादरभाई बघत होते. मोबाइलवर एक व्हिडिओ चोरून पाहिला, रॅमची पट्टी काढली, खोडरबरानं घासली, परत बसवली. चालू! कादरभाईंनी जिलबी मागवली आणि शेजारच्या दुकानांत वाटली. आपला पोरगा इंजिनिअर हाय म्हणे. मी आधी मोबाइलवरचा व्हिडिओ बंद केला, मग जिलबी घेतली.

९ जानेवारी

दुपारी सत्यभामाबाई आल्या. साठीच्या असतील. याच गल्लीच्या टोकाला घर. त्यांचा मुलगा रवी गेल्या वर्षी शेतात मोटारीचा शॉक लागून गेला. एकुलता एक. सोमवारी वर्षश्राद्ध आहे, त्यासाठी मोठा फोटो हवा. घरी एकही नाही. मोबाइल विहिरीत पडला, दहाव्याला लावलेला फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, आधार कार्डावर चेहऱ्याच्या जागी काळा डाग. पोलिसभरतीसाठी त्यानं इथं फोटो काढला होता, तेवढा एकच.

कादरभाई म्हणाले, मशीनमध्ये आहे, काही काळजी करू नका. मी फाइल उघडून दाखवली. गोरटेला मुलगा, पांढरा शर्ट, छातीपर्यंतचा फोटो. मी ओझरताच पाहिला. सत्यभामाबाईंनी पडद्याला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. उद्या मोठा करून देतो, असं मी सांगितलं.

१० जानेवारी

हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथं लिहितो.

सकाळी कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. या वेळी टीं-टीं नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, गोल फिरायचं, परत पहिल्यापासून. रॅम घासली. आतला बटणसेल बदलला. वायरी काढून बसवल्या. काही नाही. कादरभाई मेहकरला गेले होते. मेकॅनिकचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे. तो लावला असता तर मला काही येत नाही हे उघडं पडलं असतं. मी पेनड्राइव्ह घेतला आणि नवीन विंडोज टाकायला घेतली. डिस्कचे दोन भाग दिसले. कुठला पुसायचा ते कळेना. एक पुसला. पुढे जाईना, म्हणून दुसराही पुसला.

कॉम्प्युटर छान सुरू झाला. स्वच्छ, निळा, रिकामा. इतक्या वर्षांच्या पत्रिका, इतक्या जणांचे फोटो. आणि तो एक.

कादरभाई परत आले, पडदा पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मी म्हणालो की जुनी डिस्क आधीच खराब होती, काही वाचलं नाही. त्यांनी लगेच मान हलवली. रवीच्या फोटोचं विचारलं. तो वाचला, असं मी म्हणालो.

११ जानेवारी

पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम चालवला. नुसती नावं आली, फाइली उघडत नाहीत. रवीचा नखाएवढा, धुरकट चौकोन तेवढा मिळाला. मोठा केला की नुसते ठिपके. केस कळतात, चेहऱ्याची गोलाई कळते. डोळे म्हणजे दोन काळे खड्डे, तोंड नाहीच. डावी बाजू पूर्ण काळी.

सत्यभामाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. काम मोडू नये म्हणून. मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, होतंय, काकू.

मग मी चेहरा बनवला. कादरभाईंच्या पुतण्याच्या, नौमानच्या, निकाहची पत्रिका आमच्याकडेच आहे, त्याचा फोटो मोबाइलवर आला होता. त्याचे डोळे घेतले. तोंड माझ्या स्वतःच्या फोटोतून घेतलं, थोडं हसरं. डावा कान जमेना, तिथं केसांची सावली ओढून दिली. मी कामात वाईट नाही. हेच तर वाईट आहे. चेहरा खरा दिसतो.

१२ जानेवारी

फ्रेम दिली. त्यांनी पदरानं काच पुसली आणि पाहत राहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत फोटोकडे. मला वाटलं, आता जमीन फाटावी. त्या म्हणाल्या, “हाव बापू. हाच हाय माहा रवी.”

जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

१५ जानेवारी

सत्यभामाबाई तिळगूळ घेऊन आल्या. कादरभाई गोंधळले. दुःखाचं वर्ष आत्ताशी सरलं, त्यांच्या घरी इतक्यात सण कसा. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. रवी आला, म्हणाल्या. श्राद्धाचं पान वाढलं आणि वळून पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेला. बोलत नाही. डाव्या बाजूनं हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही. हातानं जेवत नाही, त्याच भरवतात.

कादरभाईंनी डोळे पुसले. आईचं मन, म्हणाले.

जाता जाता त्या माझ्याजवळ थांबल्या आणि हळूच म्हणाल्या की तो हसला की थेट तुह्यासारखा हसते.

१६ जानेवारी

कादरभाईंनी विचारलं, काऊन बे, हसत नाहीस आजकाल? मी हसायला गेलो. ओठ हलले नाहीत. आरशासमोर बोटांनी कोपरे वर ओढून पाहिले. सोडले की तोंड परत सपाट.

नौमानला चार दिवसांपासून धुरकट दिसतं. मेहकरला नेलं होतं. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही.

१७ जानेवारी

सत्यभामाबाईंचे मालक, रवीचे वडील रंगराव, दुकानात आले. थोराड, कमी बोलणारा माणूस. ते आता शेतातल्या खोपटात राहतात. घरात जात नाहीत. कादरभाई चहा सांगायला बाहेर गेले तेवढ्यात ते माझ्यावर वाकून म्हणाले, “घरात जे बसेल हाय ते माहं पोरगं नाई. तूनं बनवलं. तूच पुसून टाक.”

ओरडले असते तर बरं झालं असतं. हात जोडून म्हणाले.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. भर दुपार. ओसरीवर तो बसला होता. पांढरा शर्ट. मी समोरून गेलो, पुढे गेलो, कोपऱ्यावरून वळून पाहिलं. कुठूनही पाहिलं तरी तो समोरूनच दिसत होता. त्याला बाजू नाही.

आणि मांडीवर पातळ चादर. छातीखाली चादर सपाट —

१८ जानेवारी

फाइल पुसायची. एवढंच करायचं. कॉम्प्युटर सुरू होत नाही.

पंखा फिरतो. पडदा काळा. रॅम घासली, पुन्हा घासली. सेल नवा टाकला. सगळ्या वायरी बदलल्या. पडदा काळाच, पण आता त्या काळ्यात काहीतरी उजळतं — धुरकट — दोन डोळे आधी. मग माझं तोंड.

डिस्कच काढून घेतली. दगडानं ठेचली. कादरभाईंना काय सांगू?

डिस्क नसताना पंखा फिरला. पडदा उजळला.

नौमानला आता दिवसाही दिसत नाही. निकाह पुढे ढकलला. कादरभाई माझ्यासमोर रडले. माझाच खांदा धरून.

१९ जानेवारी

गेलो. सांगितलं सगळं. सत्यभामाबाईंच्या दारात, चपलाही न काढता. पुसलं, खोटं बोललो, चेहरा बनवला, डोळे नौमानचे, तोंड माझं. त्यांनी मला ओढून गोठ्याआड नेलं. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

“मले पह्यल्याच दिवशी समजलं बापू. रवीच्या हनुवटीवर खोक व्हती. तुह्या फोटोत नाई.”

मी विचारलं, मग हाच म्हणून का सांगितलं, काकू.

“तुहं तोंड पाहून. लाजेनं मरून राह्यला व्हता तू. म्हनलं लेकरू हाय, याले अजून काऊन खाली पाहाले लावू.” मग पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “म्या हो म्हनलं, अन् तो आला. आता त्याच्या तोंडावर नाई कसं म्हनू?”

माझ्यासाठी. माझी लाज झाकायला म्हणून —

मी निघताना त्यांनी सांगितलं की सकाळपासून तो घास घेत नाही. नुसता त्यांच्या हातांकडे पाहत बसलाय. भाकरी थापतात, पाहतो. लुगडं पिळतात, पाहतो. आणि आज त्यांच्या बोटांना मुंग्या येत आहेत.

२० जानेवारी

कॉम्प्युटर आपोआप सुरू झाला. टीं-टीं नाही. काही नाही. इतका सरळ कधीच सुरू झाला नव्हता.

फाइल उघडी आहे. फोटो छातीपर्यंत. त्याखाली पांढरी जागा वाढलीय. मी वाढवली नाही.

कादरभाई नौमानला घेऊन अकोल्याला गेलेत. दुकानात मी एकटा. बाहेर बाजार भरलाय, लोक बोलतायत, कुणी आत येत नाही.

स्टुलावर तो आहे. कसा आला, पाहिलं नाही. मान वर करवत नाही म्हणून लिहितोय.

चेहरा पुसायला गेलो. बटण दाबतो, पुसत नाही. डोळे नौमानला परत द्यायला गेलो. नाही. फक्त खालची पांढरी जागा काम करते. तिथंच बाण जातो.

हात हवेत त्याला.

मोबाइलवर हातांचे फोटो आहेत. मेंदीचे, गिऱ्हाइकांचे. एका छोट्या मुलीचेही. आणि आता स्क्रीनवर आपोआप उघडलाय एक — सुरकुतलेले, पिठानं माखलेले — सत्यभामाबाईंचे. मी काढलेला नाही हा फोटो.

नाही. त्यांचे नाही.

माझ्या हाताचा फोटो काढला. कापला. लावला. रंग जुळवला. मनगटाजवळ जोड दिसत नाही.

तो हसला.

उजवा हात टेबलावर पडलाय. उचलता येत नाही. माझा आहे असं वाटत नाही. हे डाव्यानं लिहितोय, अक्षर वाकडं येतंय.

काकूंना सांगा, बोटं बरी होतील. कादरभाईंना सांगा, मला कॉम्प्युटर येत नव्ह—

स्टूल सरकलं. माउस त्यानंच धरलाय, माझ्याच हातानं. आता दुसऱ्या हाताचा फोटो — माझा डावा — कापतो आहे, बोटांपासून, लिहिता लिहिता कर