खडवलीच्या ट्रॅक्टरचा तडा

बाबा,

खडवलीच्या काकूंचा ट्रॅक्टर गेल्या महिन्यात आपल्या मानपाड्याच्या शेडमध्ये आला, तेव्हापासून तुम्हाला एक विचारायचं आहे. तुम्ही गेल्यापासून माझ्याकडे येतात ते असेच, शेतात न जाणारे जुने ट्रॅक्टर. कुणाला फार्महाउससमोर उभा करायचा असतो, कुणाला घरच्या माणसाची आठवण म्हणून चालू करून हवा असतो. हा काकूंच्या यजमानांचा. सगळ्यांना मी तुमचाच नियम सांगतो: आधी आतलं काम, रंग शेवटी, आणि केलेली दुरुस्ती झाकायची नाही. काही गिऱ्हाइकं तेवढ्यावरूनच परत जातात.

हा नियम मला कसा कळला ते तुम्हाला आठवत असेल. कंपनीतली नोकरी सोडून मी नुकताच तुमच्याबरोबर काम करायला लागलेलो. एका ट्रॅक्टरच्या बिडाच्या गिअरबॉक्सला तडा होता. मी पुट्टी भरली, वर रंग मारला. तुम्ही स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसता आणि गिऱ्हाइकासमोर सगळी पुट्टी खरवडून काढता. आवाज न चढवता म्हणता, "झाकलंस म्हणजे केलं नाहीस. चालवणाऱ्याला कळायला नको, आपण कशावर बसलोय?" लग्न झालेला माणूस होतो मी, आणि मला मान वर करवत नव्हती.

काकूंच्या ट्रॅक्टरचा रंग काढला, तर गिअरबॉक्सला तसाच तडा आणि तशीच पुट्टी. कडेला अंगठ्याचा ठसा, त्यावर आडवी चीर. पात्याने कापलेला तुमचा अंगठा मी कुठेही ओळखेन.

मी काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अरे, तुझ्या बाबांनीच केलेलं ते. चिखलणी अर्धी राहिलेली, रोपं पिवळी पडायला लागलेली. आम्ही म्हटलं, आजच्या आज चालू करून द्या. लावणी झाली की घेऊन या, नीट करतो म्हणालेले. आम्हीच नाही आणला. चालत होता ना."

किती वर्षं झाली, ते त्यांना आठवेना. मला नेमकं तेच जाणून घ्यायचं होतं. माझी पुट्टी खरवडलीत त्याच्या आधी तुम्ही हे केलंत की नंतर? आधी असेल, तर तुम्ही स्वतःवरच चिडलेलात का? नंतर असेल, तर तुमचं ते बोलणं मला एवढं का लागून राहिलं? शेत थांबलेलं, हे मला पटतं. पटतं, आणि तरीही राग जात नाही.

तडा मी तापवून वेल्ड केला, जोड उघडा ठेवला. काकू न्यायला आल्या, त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढंच का रे बिनरंगाचं?" मी म्हटलं, "आमच्याकडे असंच करतात." बोलताना जरा अडखळलो.

हे कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून सांगतो. तुम्ही खरवडलीत ती माझी पहिली पुट्टी नव्हती. त्याआधी, तुम्ही गावी गेलेलात तेव्हा, कळव्याचा एक ट्रॅक्टर मी तसाच देऊन टाकलेला. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "नीट झाला ना?" मी हो म्हटलं.