पित्ताच्या गोळ्या

पुणे, ६ नोव्हेंबर २०२५

ती. कावेरीताईस,
विश्वेशचा सा. न. वि. वि.

महिनाभर तू फोन उचलत नाहीस. भावोजी दर वेळी सांगतात, ती कामात आहे. म्हणून शेवटी कागद घेतला. लहानपणी हस्ताक्षरावरून तुझा मार खाल्लाय, तेव्हा हेही चुका काढतच वाच.

बाबांच्या वर्षश्राद्धाला एक छोटी पुस्तिका छापतोय. पलटणीतली चोवीस वर्षं, एकाहत्तरच्या लढाईत खांद्याला लागलेली गोळी, आई गेली म्हणून नोकरी सोडून सुभेदार धामापूरला परतले ते, एवढं मी लिहिलं आहे. पण घरातले बाबा तुझ्याजवळ आहेत. ते तुझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचे की तुझे डोळे ओढले जायचे, ते लिही. शेवटच्या वर्षात तू त्यांचं जे केलंस, त्यावरही चार ओळी लिही.

श्रियाला आशीर्वाद. रागावली असशील तर निदान कशासाठी ते कळव.

तुझा,
विश्वेश

धामापूर, १४ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वेश यास अनेक आशीर्वाद.

फोन मुद्दामच उचलला नाही. मी रडले असते आणि तू विषय बदलला असतास.

मागच्या महिन्यात माजी सैनिकांच्या दवाखान्यात बाबांचं कार्ड परत करायला गेले होते. तिथल्या बाई फाईल बघून हळहळल्या. म्हणाल्या, लिव्हरचा कॅन्सर एवढा पसरलेला, तरी सुभेदारसाहेब चालत यायचे. मी म्हटलं, तुमची फाईल चुकली, माझे वडील हार्टने गेले. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. गेल्या वर्षीचा एप्रिल. पुढचे उपचार नकोत म्हणून बाबांची सही, आणि खाली साक्षीदार तू.

आठ महिने, विश्वेश! पित्ताच्या म्हणून तू पाठवायचास त्या गोळ्या मी घड्याळ बघून देत होते. त्या दुखणं दाबायच्या होत्या. पेज म्हणू नको, बांगड्याचं तिखलं म्हणू नको, त्यांच्या गळ्याखाली काही उतरत नव्हतं आणि मी ओरडत होते. एकदा तर समोरचं ताट ओढून घेतलं, म्हटलं, उद्यापासून तुमचं तुम्ही रांधा. ते नुसते हसले. मरणाऱ्या माणसाचं ताट ओढलं मी. तुम्हा दोघांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

श्रियाच्या साखरपुड्याला मिठबावला जाताना माझा पाय निघेना. बाबा म्हणाले, माका काय एक होवचा नाय, तू जा गो बाय. भाचीचा साखरपुडा सोडून तू त्यांच्याजवळ थांबलास, तर व्याह्यांपुढे मी तुझं केवढं कौतुक केलं! दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा फोन आला, बाबा गेले. मला त्या दिवशी घराबाहेर काढलं होतं का, एवढं सांग.

कावेरी

पुणे, २० नोव्हेंबर २०२५

ती. ताईस नमस्कार.

हो. आता दोन-चार दिवसच उरलेत, असं साखरपुड्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं.

एप्रिलमध्ये बाबांनी मला आईच्या फोटोपुढे उभं करून शब्द घेतला. म्हणाले, तिका सांगलंस तर ती रोज रडतली, माका माझी भांडणारी कावेरी होयी. मी म्हटलं, ताई आपल्याला माफ करणार नाही. तर म्हणाले, मी गेल्यार घालूंदे माका गाळी. श्रियाचं कार्यही त्यांना मोडायचं नव्हतं.

इथेच पत्र संपवणार होतो. पण तुला कळलं असतं तर तू मला रजा टाकून गावी राहायला बोलावलं असतंस, आणि मला ते नको होतं. बाबांच्या शब्दाआड लपणं सोयीचं झालं. गोळ्यांचं पार्सल पाठवलं की माझं कर्तव्य झालं.

आणखी एक. त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, कावेरी खंय आसा? दोनदा विचारलं. तू गाडीने दोन तासांवर होतीस. मी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

क्षमा मागायचं तोंड नाही.

विश्वेश

धामापूर, २७ नोव्हेंबर २०२५

चि. विश्वेश,

पत्र पोचलं. तीन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. हे आणि श्रिया घाबरून गेले.

बाबांवर मी रागावले होतेच. माझ्यावरच्या मायेपोटी का होईना, त्यांनी मला फसवलं. पण शेवटी त्यांनी आपलाच हुकूम मोडला रे. मला हाक मारली. ती माझ्यापर्यंत पोचवायची, एवढंच तुझं काम होतं, आणि मी आले असते. अनवाणी आले असते.

पुस्तिकेसाठी मजकूर सोबत आहे. बाबा घरात कसे होते ते सगळं लिहिलंय, आजारपणही लिहिलंय. मी कुठे आहे असं त्यांनी कधी विचारलं आणि तू काय केलंस, तेही आहे. एक शब्द न गाळता छाप. जमत नसेल तर पुस्तिकाच नको.

श्राद्धाला ये. त्यांचा मुलगा आहेस, तुझ्या हातचं पाणी त्यांना मिळायला हवं. जेवायला वाढीन. माझ्याशी बोलायला मात्र लगेच येऊ नकोस.

माझा लोभ आहे, तो जाणार नाही. पण तो वाढावा, असं यावेळी लिहवत नाही.

कावेरी