सर्वानुमते

प्रिय प्रताप,

दोन वर्षांनी लिहितोय. फोनवर तू ‘काय म्हणतंय गुंगालिन’ विचारशील, मी ‘थंडी’ म्हणेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. म्हणून कागद घेतला.

सध्या एक वेगळंच कॉन्ट्रॅक्ट मिळालंय. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या, पहिल्या संसदेतली भाषणं कॉम्प्युटरवर चढवलीत, ती जुन्या छापील पानांशी ताडून चुका काढायच्या. साल एकोणीसशे एक. देश नवाकोरा आणि सभागृहात तीन तट. एकाला परदेशी मालावर जकात हवी, दुसऱ्याला नको, तिसरा कामगारांचा. बहुमत कुणाकडेच नाही. तिसरा झुकेल त्याचं सरकार. जकातीवरून महिनोन्महिने भांडलेत. वाचताना आपलं इथलं मराठी मंडळ आठवून हसू यायचं. मीनाक्षीताईंच्या गटाला गणपती कम्युनिटी हॉलमध्येच हवा, राघवच्या गटाला देवळातच; आणि मधे आम्ही पाच घरं, ज्यांच्यावाचून कुणाचीच कमिटी बनत नाही. राघव मला ‘किंगमेकर’ म्हणतो. खोटं कशाला सांगू, बरं वाटायचं.

मग गेल्या महिन्यात गोऱ्या नसलेल्यांना देशात येऊ न देण्याच्या कायद्याची पानं आली. त्यावर एक-दोघं सोडले तर तिन्ही तट एक. वाद एवढाच, की रंगाचं नाव उघड घ्यायचं की नाही. शेवटी ठरलं, घ्यायचं नाही. अधिकाऱ्याने आपल्या पसंतीच्या युरोपी भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचं. माणूस नको असेल तर त्याला न येणारी भाषा निवडायची.

श्रुतलेखन म्हटल्यावर मला आपली शाळा दिसली. गुरुजी आम्हाला धड्यातला सोपा उतारा घालायचे, आणि तुझी पाळी आली की पोथीतलं काहीतरी काढायचे. तरी तू लिहायचास. मी शेजारच्याच बाकावर होतो. कधी काही बोललो नाही.

तू इथून वॉलॉंगॉंगला गेल्यावर, मंडळाच्या तूच लिहिलेल्या घटनेत एक नियम आला: नव्या सभासदाला दोन जुन्या सभासदांची शिफारस हवी. सभेत कुणीतरी म्हणालं, ‘नाहीतर उद्या कोणीही येईल.’ कोणीही म्हणजे कोण, हे कुणी विचारलं नाही. दोन्ही गटांचे हात पहिल्यांदाच एकदम वर गेले. यंदा तुझी लेक पायल इथे युनिव्हर्सिटीत आली, चार मैत्रिणींना घेऊन फॉर्म भरले, चौदा एप्रिल मंडळात साजरी करायची म्हणाली. मीनाक्षीताई म्हणाल्या, ‘रूल इज रूल गं.’ राघवही तेच. मी तिला म्हटलं, मी सही करतो, दुसरी कुणाची तरी मिळवतो. तर म्हणाली, ‘काका, मला एक्सेप्शन नकोय. तो रूलच काढा.’ अगदी तुझा सूर.

रविवारी वार्षिक सभा आहे. नियम रद्द झाल्याशिवाय आमच्या पाच घरांची मतं कुणालाच नाहीत. चार घरं पक्की, एक ‘पाहू’ म्हणतंय. राघव चिडलाय: ‘दादा, आता गणपतीत राजकारण आणणार का?’ आणणार. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो तेव्हा हल्ली एवढंच मागतो, की उभा राहिल्यावर आवाज कापू नये.

एक गोष्ट पायललाही माहीत नाही. त्या जुन्या खंडांत प्रत्येक भाषणावर बोलणाऱ्याचं नाव छापलंय. सव्वाशे वर्षं झाली तरी कोण काय म्हणालं ते वाचता येतं. आमच्या इतिवृत्तात फक्त ‘सर्वानुमते’ आहे. तो नियम मी मांडला होता, प्रताप. भांडणारे दोन गट एक व्हावेत म्हणून दोघांनाही आवडेल असं काहीतरी शोधत होतो, आणि ते मला लगेच सापडलं. रविवारी हे उभं राहून सांगणार आहे आणि माझ्या नावासकट लिहून घ्यायला लावणार आहे. त्याआधी तुला ते माझ्याकडून कळायला हवं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन. सभा दुपारी दोनला आहे.

तुझाच, शेजारच्या बाकावरचा,
अजित