बाबांच्या फळ्या

दि. ४ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हातोडी खाली ठेवून लिहायला बसले आहे. अंगठ्यावर बसली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीला गोणपाट ठोकत होते. परवाच्या वाऱ्याने काच गेली, आणि तो काही वादळाचा वारा नव्हता. वादळं पुढच्या महिन्यात.

वादळात खिडक्यांवर ठोकायच्या फळ्या गेल्या वर्षी तू टेम्पोत घालून नेल्यास. बाबांनी एकेक खिडकी मापून कापलेल्या, मागे पेन्सिलीने त्यांच्या हातचं लिहिलेलं: ‘पुढची खोली’, ‘स्वयंपाकघर, डावी’. तू म्हणालास, प्लायवूडच्या भावाला हात लावायची सोय राहिली नाही, आणि आईसाठी तुझ्याकडे आडभिंत घालून खोली काढायची आहे. पुढच्या वादळाआधी आईच तिकडे येणार, मी माझं शिवणयंत्र घेऊन मावशीकडे जाईन, मग रिकाम्या घराला फळ्या कशाला. आईने स्वतः ओट्यावर बसून त्या चढवून घेतल्या. तेव्हापासून तिची बॅग कॉटखाली भरून ठेवलेली आहे.

न्यायला कधी येतोस ते कळव. वहिनींना नमस्कार. लोभ आहेच; उत्तर लवकर पाठवलंस तर तो दिसेलही.

तुझी,
मुंगी

दि. १३ ऑगस्ट

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणापासून तुझं एकच, आभाळात ढग दिसला की वारुळाची दारं लिंपायला घेणार.

खोली झकास झाली आहे. आतून फिकट हिरवा सनमायका लावून घेतला, बाबांनी पाहिली असती तर पाठ थोपटली असती. पण सध्या तुझ्या वहिनीने तिथे शिकवणी सुरू केली आहे. मुलं बरीच येतात, आणि छापखान्यात माझी अर्धी पाळी बंद झाल्यापासून घर त्यावरच चाललं आहे. हे तात्पुरतं आहे. तेव्हा आईला या मोसमात आणता येणार नाही. तिला आत्ताच काही बोलू नकोस, मी सवडीने समजावीन.

फळ्या परत काढणं शक्य नाही, चिकटवलेल्या आहेत. तिथल्या वखारीत नव्या बघ. निम्मे पैसे मी देईन. स्वस्तातल्या घेतल्यास तरी एका मोसमाला पुरतील. अंगठ्याला हळद लाव. माया आहे तशीच आहे, शंका नसावी.

तुझा,
दादा

दि. २५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वखारीत जाऊन आले. दारात पाटी आहे, तिच्यावर भाव खडूने लिहितात, कारण रंगाने लिहिलं तर रोज पुसायचं कसं. आत रेडिओ चालू असतो. वादळाची बातमी आली की वखारवाला खडू घेऊन उठतो. मी त्याला विचारलं की वादळ दुसरीकडे वळलं तर भाव उतरतो का. तो म्हणाला, ताई, वर चढलेलं माकड कधी आपण होऊन खाली आलंय का. स्वस्तातली फळी त्याने स्वतःच ओल्या बोटाने सोलून दाखवली. पापुद्रे सुटले. चांगल्या फळीचे निम्मे पैसे तू दिलेस तरी उरलेल्या निम्म्यांसाठी मला शिवणयंत्र विकावं लागेल.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिला आता अक्षर दिसत नाही हे तुला ठाऊक आहेच. शिकवणीचा आणि या मोसमात न आणण्याचा मजकूर गाळला. जागा मोकळी दिसायला नको म्हणून एक वाक्य मी घातलं, की खोलीला पूर्वेकडे खिडकी आहे. तिने ते पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचताना मला तेच शब्द आठवेनात. तुझ्यासाठी खोटं बोलण्याची ही पहिली वेळ नव्हे, पण यापुढे जमणार नाही.

दोनच गोष्टी आहेत. आईला ने, नाहीतर फळ्या पाठव. तोवर मी आतली दारं बिजागऱ्यांतून काढून खिडक्यांवर ठोकणार आहे. आईच्या खोलीचं, न्हाणीचं, भिंतीतल्या कपाटाचं, सगळी. आई म्हणते, बरं झालं, आता या घरात कुणाला काही लपवता येणार नाही. मी मान खाली घालून स्क्रू काढत राहिले.

लोभ मागत नाही. फळ्या मागते.

मुंगी

दि. ६ सप्टेंबर

चि. मुंगीस,
आशीर्वाद.

ट्रकवाल्याच्या हाती पत्र देतो आहे. काल खोली मोडली. तुझी वहिनी बोलत नाही. शिकवणीची मुलं आज जिन्यात बसली होती. माझ्या दोन्ही हातांना फोड आले आहेत. तुझं समाधान झालं असेल.

फळ्या सगळ्या पाठवल्या आहेत. खोलीच्या मापासाठी काही कापाव्या लागल्या होत्या, जुळवून घे. ट्रकचं भाडं तिथे द्यायचं ठरलं आहे. आईला सांग, फळ्या आल्या, आता निर्धास्त झोप.

तुझा,
दादा

दि. ९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल रात्री वादळ आलं आणि गेलं. दारं टिकली. न्हाणीचं तेवढं उडालं, ते पलीकडच्यांच्या छपरावर सापडलं.

ट्रक आज दुपारी आला. भाडं दिलं. फळ्या ओट्यावर उतरवून लावून पाहिल्या. एकही कुठल्या खिडकीला बसत नाही. सगळ्या वीतभर तोकड्या. एकीवर बाबांचं ‘स्वयंपाकघर, डा’ एवढंच उरलं आहे.

आईने आतून विचारलं काय आलं. दार नसल्याने सगळं ऐकू जातं. मी फळ्या म्हणाले. वखारीतल्या नव्या म्हणता आलं असतं, पण तिने एक कॉटपाशी आणायला लावली. गुळगुळीत बाजूवरून हात फिरवला, मग उलटी करून पेन्सिलीच्या जागी बोट नेलं. अक्षर दिसत नाही, पण बाबांनी जोर देऊन लिहिलेलं बोटाला लागतं. ती म्हणाली, म्हणजे खोली मोडली. मी हो म्हणाले. मग तिने विचारलं की त्या खोलीला खिडकी खरंच पूर्वेला होती का. माझ्याजवळ वाचून दाखवायला काही नव्हतं.

मी मागितलं ते तू पाठवलंस. तुझ्याबद्दल तक्रार करायला मला आता तोंड राहिलेलं नाही.

वहिनींना नमस्कार. लोभाचं पुढे बघू.

मुंगी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज सकाळी आईने बॅग बाहेर काढायला लावली. कपडे मी कपाटात परत रचले. कपाटाचं दार अजून खिडकीवरच आहे.